आक्कांचं मौनव्रत

सात निवडणुका जिंकलेल्या आक्का आमदारांना सभागृहातून एकेचाळीस वेळा बाहेर काढलं होतं. देव जीभ देताना लगाम द्यायला विसरला, त्याला आक्का तरी काय करणार? मार्शल तर इतका सरावला होता, की अध्यक्ष रागावताच तो आधी आक्कांची पिशवी उचलायचा.

आक्कांच्या जिवाला घोर एकच. प्रत्येक बसस्टँडवर बायकांसाठी स्वच्छतागृह हवं, हा त्यांचा ठराव एकोणीस वर्षं मताला यायचा आणि ऐन मताच्या वेळी आक्का बाहेर बाकावर बसलेल्या असायच्या. मागे त्यांच्या बाजूचे सभासद चिडीचूप. ठराव पडायचा.

म्हणून आज घरून निघतानाच धाकट्या जाऊबाईंनी लिंबाएवढी टॉफी त्यांच्या हातावर ठेवली.

"आक्का, ही तोंडात आहे तोवर ब्र काढलात, तर माझ्या नातवाची शपथ."

आक्का गाल फुगवून तासभर गप्प बसल्या. अध्यक्षांनाच काळजी वाटली. "सन्माननीय सदस्यांची तब्येत बरी आहे ना?" आक्कांनी मान डोलावली. मार्शल रिकाम्या हातांनी अवघडून उभा होता.

मग परिवहनमंत्री उठले. "अध्यक्ष महाराज, एवढा खटाटोप कशाला? बायकांनी घरूनच उरकून निघावं. आमची आई तेच करायची!"

'आईला कधी विचारलंत का, तिचं काय व्हायचं ते?' आक्कांच्या अगदी ओठांवर आलं. पण शपथ! त्यांनी उत्तर गिळलं आणि सगळा राग टॉफीवर काढला. कचकन चावल्या. झालं! वरची कवळी खालच्या कवळीला जी चिकटली, ती सुटेचना.

तेवढ्यात मतदान पुकारलं. इथे मत ओरडून द्यायचं. ज्यांचा आवाज मोठा, त्यांची सरशी. आक्कांच्या बाजूने 'होय' निघालं ते मांजर शिंकल्यासारखं. समोरून 'नाही' आलं आणि तावदानं थरथरली.

"पुन्हा एकदा विचारतो," अध्यक्ष रिवाजाप्रमाणे म्हणाले, "बाजूने?"

आक्कांनी देवाचं नाव घेतलं, तोंडात बोटं घातली आणि टॉफीसकट सगळी बत्तिशी उपसून समोरच्या कागदांवर ठेवली.

"होऽऽऽय!"

होय म्हणायला दात थोडेच लागतात! अध्यक्षांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मागचे चिडीचूप दचकून उठले आणि तेही बेंबीच्या देठापासून ओरडले.

"विरोधात?"

विरोधातले त्या हसऱ्या कवळीकडे बघून पोट धरून लोळत होते. मंत्र्यांच्या तोंडून 'ना' निघाला, 'ही' हसण्यातच वाहून गेली.

"ठराव संमत!"

मंत्री डोळे पुसत ओरडले, "अध्यक्ष महाराज, यांनी सभागृहात दात काढून ठेवले! हा अवमान आहे!"

"आणि तुम्ही मघापाशून दात काढताय, ते शोभतं? आईला विशारा आधी!"

"बाहेर!" अध्यक्ष म्हणाले.

मार्शलचा चेहरा खुलला. त्याने एका हातात पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने कवळी अलगद रुमालात बांधली. "चला आक्का. बेचाळीस."

बाहेर बाकावर, सोबत आलेल्या जाऊबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "बोललात ना शेवटी! माझ्या नातवाची शपथ मोडलीत!"

"शपथ कुठली मोडतेय? टॉफी तोंडात होती तोवर गप्प होते. विशार याला."

मार्शलने साक्षीला रुमाल उघडून दाखवला.