उशाशी

"हा माइक उचला आधी," गायिका म्हणाली आणि स्टँड स्वतःच भिंतीकडे सरकवू लागली.

फ्रेमवाल्याने लगबगीने येऊन तो तिच्या हातून घेतला. "पण मॅडम, मागच्या रांगेला ऐकू येईल ना?"

"मागची रांग आहे कुठे? तिसऱ्या रांगेनंतर तुमचं कपाट आहे."

तो हसला. दुकानामागची ही त्याची कामाची खोली. आठवडाभर इथे लाकूड आणि काच कापली जाई. रविवारी दुपारी तो भुसा झाडून, टेबलं बाहेर काढून खुर्च्या मांडी आणि कुणा एकाला गायला बोलावी. भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचांमध्ये त्याने जुन्या चादरी कोंबल्या होत्या. गिटारची जाड तार छेडली की काचा गुणगुणतात, हे त्याला पहिल्याच कार्यक्रमात कळलं होतं.

"ते दोघं आलेत बरं का," तो हळूच म्हणाला. "दाराजवळ बसलेत. अशाच लहान जागा चालवतात, बाहेरगावी. त्यांना आवडलं तर तुमची वर्षभराची सोय झाली म्हणून समजा."

"आवडेल त्यांना," ती म्हणाली आणि तारा जुळवायला बसली.

मोठ्या सभागृहांनी तिला कधी नको म्हटलं नव्हतं. फोन यायचे थांबले, एवढंच. मग ती घरांच्या बैठकींत, पुस्तकांच्या दुकानांत, कुणाच्या गच्चीवर गाऊ लागली आणि मुलाखतींत सांगू लागली की हे तिने स्वतः निवडलं आहे. काही काळाने ते खरंही झालं. सभागृहात डोळ्यांवर दिवे येत आणि समोर नुसता काळोख बसलेला असे. इथे चष्मा पुसणारे हात दिसत. कुणी श्वास रोखला तर ऐकू येई. स्वतः लिहिलेली ओळ कुणाच्या चेहऱ्यावर पोहोचताना बघणं, हे सुख तिला उशिरा मिळालं होतं आणि ते आता सोडवत नव्हतं.

"लहान खोलीत काही लपवता येत नाही," तिने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "तुम्ही मला बघताय, मी तुम्हाला. फसवाफसवी बंद."

लोक हसले. खोली तिच्या बाजूची झाली.

दुसरं गाणं चालू असताना दार किलकिलं झालं. एक बाई ओणवी होत, माफी मागितल्यासारखी आत आली. लोक पहिल्या रांगेत बसायला बिचकतात, म्हणून तिथलीच एक खुर्ची उरली होती. बाई तिथे बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि वर पाहिलं.

ती चिमी होती. गायिकेची धाकटी बहीण.

गायिकेचा डावा हात चुकला. तिने ती चूक मुद्दाम केल्यासारखी पुन्हा वाजवली आणि गाणं पुरं केलं. चिमी तिच्या कार्यक्रमाला कधी आली नव्हती. आधी आईला सोडून येता येत नसे; आई गेल्यावर बोलावणंच गेलं नव्हतं.

चार गाणी झाली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "खिडकी!" आणि दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. दाराजवळचे दोघंही पुढे सरकून बसले. 'खिडकी'साठीच लोक तिला बोलावत.

ते गाणं एका फोनवर सापडलं होतं. आई शेवटची दोन वर्षं चिमीच्या घरी अंथरुणाला खिळून होती. गायिका तेव्हा मोठ्या सभागृहांच्या दौऱ्यांवर असे आणि हॉटेलातून फोन करी. एकदा चिमी सहज म्हणाली, "रोज दुपारी म्हणते, खिडकी उघड. उघडली की म्हणते, आता राहू दे." त्या रात्रीच गाणं झालं. पहिल्या खर्ड्यात मुलगी 'ती' होती. चालीत 'मी' जास्त चांगलं बसलं. गाण्यात एवढं चालतं. सभागृहात दोन गाण्यांच्या मध्ये कुणी बोलायची अपेक्षा करत नसे, म्हणून ते तेवढ्यावर राहिलं. लहान खोल्यांत मात्र बोलावं लागे. अशाच एका खोलीत ती पहिल्यांदा म्हणाली, "मी आईच्या उशाशी बसलेली असायचे," आणि खोलीतला श्वास थांबला. त्यानंतर ते वाक्य तिने कधी गाळलं नाही.

आजही तिने गाळलं नाही. फक्त पहिल्या रांगेकडे न बघता म्हटलं. चमच्याने पाणी पाजणं, केसांचा गुंता सोडवणं, सगळं सांगितलं. मग गायली.

*खिडकी उघड म्हणाली आई,*
*उघडून मी बसून राहिले.*

गाणं संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. तिच्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी दाद होती. दाराजवळच्या दोघांपैकी एकाने डोळे टिपले. चिमी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

दुसऱ्या रांगेतला चौकडीच्या शर्टातला माणूस उभा राहिला. बोलावं की नाही असं त्याचं चाललं होतं.

"एक विचारू का? आमची ही पडूनच असते, वर्ष होत आलं. तीही सारखी खिडकी उघडायला लावते. मी तिचा पलंग फिरवावा म्हणतोय, बागेच्या बाजूला." तो अडखळला. "तुमच्या आईंना काय दिसायचं हो, त्या खिडकीतून?"

गायिकेने तोंड उघडलं. झाड, असं ती म्हणणार होती. आकाश म्हटलं तरी चाललं असतं. पण समोर चिमी होती आणि चिमी आता सरळ तिच्याकडे बघत होती. रागाने नव्हे, फोन उचलल्यावर पलीकडचं माणूस बोलायची आपण वाट बघतो, तशी. गायिकेने खुंटी पिळली. तार चांगली जुळलेली होती, ती बिघडली.

"भिंत," चिमी म्हणाली.

सगळे वळले.

"शेजारच्या घराची भिंत दिसायची. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. पण दुपारी तिच्यावर ऊन यायचं थोडा वेळ. ते बघायची. पलंग नका फिरवू तुम्ही. त्यांना काय हवंय ते विचारा आधी."

माणूस मान हलवत खाली बसला. फ्रेमवाल्याने विचारलं, "तुम्ही कशा ओळखता यांच्या आईंना?"

"मी धाकटी मुलगी."

"अरे वा! मग तुम्हीही होतात की सेवेला!"

चिमीने बंद सोडला. "मी जाऊन-येऊन असायचे," ती म्हणाली. "सगळं ताईनेच केलं."

खोलीतल्या बायकांनी चिमीकडे पाहिलं. त्या नजरेत थोडी कीव होती, थोडा ठपका. मग त्या पुन्हा गायिकेकडे वळल्या. गायिकेने बिघडलेली तार जुळवली आणि पुढचं गाणं सुरू केलं.

कार्यक्रम संपताच ती गर्दीतून वाट काढत गल्लीत आली. चिमी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम स्कूटरवर, पाय ठेवायच्या जागेत उभी करत होती.

"चिमे."

"अगं, पोराच्या सर्टिफिकेटला काच बसवायला दिली होती इथे. पोहण्यात तिसरा आला. तेवढंच निमित्त झालं. दुकानवाले म्हणाले होते, रविवारी गाणं आहे, तेव्हाच न्यायला या." तिने फ्रेम पायाने चाचपून पाहिली. "पाणी पी थोडं. घसा बसलाय तुझा."

"तू असं का म्हणालीस आत?"

"मग काय म्हणू? एवढी माणसं रडत होती."

"मी सांगणार होते."

"मी थांबले होते की," चिमी म्हणाली. "बोलायच्या आधी केवढी थांबले. तुला वेळ मिळावा म्हणून."

चिमीने स्कूटर चालू केली, पुन्हा बंद केली.

"आणि हे बघ, ती भिंत रंगवलेली नव्हती. कच्चा गिलावा होता नुसता. आता सांगशीलच तू, तर नीट सांग."

ती गेली. गल्लीच्या टोकाला वळताना तिने एका हाताने फ्रेम सावरली.

"मॅडम!" दारातून फ्रेमवाला हाक मारत होता. "या ना, ते दोघं थांबलेत. म्हणतात, ती भिंत ऐकून काटा आला अंगावर."

"आले," गायिका म्हणाली आणि दुकानातून आत निघाली. चालता चालता तिची बोटं मांडीवर ठेका धरत होती. कच्चा गिलावा. दुसऱ्या कडव्यात, 'बसून राहिले'च्या आधी, ते अगदी चपखल बसत होतं.