हेन्रीची सहावी खूण

चौकटीवर चोपन्न खुणा होत्या. देवयानीने त्या दोनदा मोजल्या: आर्थरच्या सतरा, शार्लटच्या पंधरा, नोराच्या सोळा, धाकट्या हेन्रीच्या सहा. दर वाढदिवसाला मुलाला दाराशी उभं करायचं, चाकूने आडवी रेघ ओढायची, शेजारी तारीख घालायची. हेन्रीच्या सहाव्या रेघेची मात्र बोट बसेल एवढी खोल खाच झाली होती. उंची ११२.४ सेंटिमीटर. तिच्याभोवती १८५१ ते २००५ अशा एकशे पंचावन्न तारखा दाटीने लिहिलेल्या होत्या.

"सहाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी हेन्री तापाने गेला," लेडी ऑनर म्हणाल्या. नव्वदीच्या त्या बाई घराण्यातल्या शेवटच्या. "त्याचे वडील म्हणजे माझे पणजोबा, इथले अर्ल, तेव्हा लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आयर्लंडसाठी भांडत होते. वाढदिवसाला नक्की येतो, असं त्याला सांगून गेलेले. आले. आणि माप घेतलं. तेव्हापासून दर वर्षी घरातलं कुणीतरी घेतं."

"कसं?"

"डोळे मिटायचे आणि पुस्तक चौकटीला टेकवून खाली सरकवायचं. अडेल तिथे खूण."

पुस्तक म्हणजे अर्लच्या भाषणांचा जाडजूड खंड. बाई वळल्यावर देवयानीने डोळे मिटून तो सरकवून पाहिला. खंड थेट जमिनीला टेकला.

"टाइमशीटवर काय लिहू, मॅडम?" चौकटीचे स्क्रू काढता काढता तिचा मदतनीस अजय मराठीत पुटपुटला. "भुताची उंची?"

"गप रे. खालची बाजू धर."

इंग्लंडमधल्या रीडिंग शहराजवळचं ते घर विकलं गेलं होतं. सोमवारपासून आतली पाडापाडी. जुन्या लाकडाची नोंद करायची आणि ही एक चौकट बाईंच्या केअर होममधल्या खोलीत पोहोचवायची, एवढंच या दोघांचं काम.

व्हॅनचं दार लावताना बाईंनी देवयानीचं मनगट धरलं.

"चौकट येईल गं. तो येईल का? का इथेच उभा राहील, रिकाम्या घरात?"

देवयानीने दुसऱ्या हाताने व्हॅनचं दार लावलं.

"रविवारी त्याचा वाढदिवस. माप घ्यायला ये. माझे हात आता वर जात नाहीत."

रविवारी, चौदा मेला, ती गेली. जाताना स्टीलची मोजपट्टी घेतली. खोलीत ऊन होतं. चौकट भिंतीला टेकवून उभी केलेली, दाराविना. देवयानीने आधी खाच मोजली, तीनदा. तिन्ही वेळा ११२.४.

"घे," खुर्चीतून बाई म्हणाल्या.

तिने डोळे मिटले. खंड डोक्याच्या उंचीवर टेकवला आणि हळूहळू खाली आणला. कॉरिडॉरमधून चहाची ट्रॉली गेली. खंड सरकत राहिला, सरकत राहिला, आणि मग कशावर तरी अलगद थांबला. तिने किंचित दाबून पाहिलं. खालून काहीतरी मऊ, केसांसारखं, दबलं आणि पुन्हा वर आलं.

"अडलं?" बाईंनी विचारलं.

"हो."

खंड तसाच धरून देवयानीने डोळे उघडले आणि दुसऱ्या हाताने पट्टी लावली.

११३.१ सेंटिमीटर.