दोनशे चाळीस रोपांची झारी

मित्रांनो, माझ्या पोटावर बटणाएवढा एक काळा डाग आहे. तेथला पांढरा इनॅमल उडाला आहे आणि आतला पत्रा दिसतो. तो डाग सोडला, तर एकसष्ट वर्षांची मी जुनी झारी अजून कोठेही गळत नाही. हे मी थोड्या गर्वानेच सांगते. माझी हकीकत ऐकलीत, की तो गर्व तुम्ही मला माफ कराल.

नाल्डवेइक या डच गावाजवळच्या एका लहानशा कारखान्यात मी घडले. माझ्या तोंडाला पितळेची चाळणी आहे. तिला एकशे बारा छिद्रे आहेत आणि ती आकाशाकडे पाहते. त्यामुळे पाणी आधी वर उडते, मग आपल्याच वजनाने हलके खाली येते, आणि कोवळ्या देठाला त्याचा मार बसत नाही. ज्या कारागिराने मला असे वळण दिले, त्याचे नाव मला ठाऊक नाही. पण रोज त्याची आठवण होते.

नेल आणि बास्टियान या भावंडांच्या आईने मला काचघरात आणले. काचेच्या छपराखाली ती टोमॅटो पिकवी. छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून मागच्या तळ्यात साठे आणि तेच पाणी माझ्या पोटात येई. ते इतके मऊ होते, की माझ्या चाळणीवर कधी पांढरा थर धरला नाही. त्या तळ्याचा सगळ्या घराला अभिमान होता. बारा वर्षांची नेल मला दोन्ही हातांनी उचली आणि रोपांच्या ओळीतून एकही थेंब वाया न घालवता चाले. धाकटा बास्टियान मागून येई आणि कोणते रोप राहिले ते मोठ्याने सांगे.

पुढे काचघरात नळ्या आल्या. संगणक सांगेल तेव्हा प्रत्येक झाडाशी थेंब थेंब पाणी पडू लागले. मला कॉफीच्या खोलीत फडताळावर ठेवले आणि माझ्यात प्लॅस्टिकची ट्यूलिप खोचली. मित्रांनो, त्या अवस्थेत मी एकोणीस वर्षे काढली. वाईट वाटण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते. पण करण्यासारखे तर काहीच नव्हते.

मग बास्टियानची मुलगी हेस्टर कारभार पाहू लागली. तिने टोमॅटो काढले आणि औषधी गांजा लावायची परवानगी मिळवली. हे झाड तेथे औषधासाठी, सरकारी नियमाने, कुलपाआड वाढवतात. बी मोजून येते, रोप मोजून ठेवतात, आणि मुलांना त्या दारातून आत सोडत नाहीत. म्हणून तेथली गोष्ट तुम्ही माझ्याकडूनच ऐकलेली बरी.

पहिली लावणी दोनशे चाळीस रोपांची होती. एकविसाव्या दिवशी तपासणी होणार होती, आणि त्या दिवशी निदान दोनशे रोपे धडधाकट दिसली पाहिजेत, अशी अट होती. ती पुरी झाली नाही, तर परवानगी रद्द. हेस्टरने घरात सांगून ठेवले होते, की तसे झाले तर काच उतरवायची आणि काचघर मोडायचे. टोमॅटोकडे परत जायचे नाही.

एक अडचण निघाली. रोपे सुरुवातीला बोटभर असणार, आणि नळ्यांचे थेंब पडत मोठ्या झाडांच्या हिशेबाने. हेस्टर कॉफीच्या खोलीत आली, तिने ट्यूलिप काढून टेबलावर ठेवली आणि मला धुऊन घेतले. कुलपाआड जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची यादीत नोंद लागते. तिने लिहिले : झारी, एक.

"माझ्या आत जायच्या ओळखपत्राला तीन आठवडे लागले," बास्टियान म्हणाला. "हिला एका दिवसात मिळालं."

"तिचं वागणं चांगलं आहे," नेल म्हणाली.

नेल आता त्र्याहत्तर वर्षांची होती आणि चाकाच्या खुर्चीत बसे. एका आजाराने तिचे स्नायू आखडले होते. सकाळी हाताची मूठ उघडायलाही तिला वेळ लागे. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषधाचे थेंब ती घेई, आणि ते याच झाडापासून बनत. आत जायची परवानगी तिला नव्हती. कॉफीच्या खोलीच्या काचेशी खुर्ची लावून ती आत पाहत बसे.

बियांना मोड आले त्या दिवशी नेलने टोस्ट आणले. त्यांवर लोणी आणि बडीशेपेच्या गुलाबी साखरगोळ्या. घरात बाळ जन्मले की तिकडे हेच वाटतात, मुलीसाठी गुलाबी आणि मुलासाठी निळ्या.

"गुलाबीच का?" बास्टियानने विचारले.

"औषधाला फक्त मादी झाडं लागतात, बीही तसंच येतं, असं हेस्टर म्हणाली. सगळ्या मुलीच झाल्यात, बास. निळ्या गोळ्या कशाला आणू?"

रोपांची देखभाल बास्टियानने मागून घेतली. हेस्टरला कुलपे, कॅमेरे आणि कागदपत्रे यांतून सवड नव्हती. तिने नारळाच्या काथ्याचा भुसा भिजवून, धुऊन कुंड्यांत भरून दिला. एका निळ्या पिंपात सौम्य खताचे पाणी कालवून ठेवले आणि फळ्यावर लिहिले : पिंपातले द्या, थोडे द्या, भुसा कोरडा पडू देऊ नका.

बास्टियानने फळा वाचला, मला उचलले आणि तळ्याच्या नळाखाली धरले.

खरे सांगते, मला आनंद झाला. एकोणीस वर्षांनी माझ्या पोटात पावसाचे पाणी आले होते. तो हळूहळू चाले, प्रत्येक कुंडीशी थांबे, देठाला न लावता कडेने पाणी घाली. एवढ्या नाजूक हाताने मला नेलशिवाय कोणी धरले नव्हते. रोज घाली ते जेमतेम, आणि रोपांना तहानलेली ठेवी, म्हणजे मुळे पाणी शोधत खाली जातील. टोमॅटोची रोपे त्याने अशीच वाढवली होती. रोजच्या नोंदींच्या वहीत तो लिही : पाणी दिले. हेस्टर रोज संध्याकाळी ती ओळ वाची आणि निश्चिंत होई. पिंपाचे झाकण उघडून पाहायचे तिच्या मनातही आले नाही.

अकराव्या दिवशी सकाळी नेलने काचेवर बोट वाजवले.

"हेस्टर, तिसऱ्या ओळीतली एक कुंडी इकडे धर. अजून जवळ. हे पान वाकडं का झालंय?"

पान वाकडे होते आणि त्यावर तांबूस ठिपके होते. खालची पाने फिकी पडली होती. हेस्टरने कुंडीखाली बशी ठेवली, माझ्यातले पाणी ओतले आणि बशीत उतरलेल्या पाण्यात मापक बुडवला. खताचा आकडा शून्य पूर्णांक सहाच्या आसपास यायला हवा होता. आला शून्य पूर्णांक एक. मग तिने पिंपाचे झाकण उघडले.

"बाबा, हे काठोकाठ भरलेलं कसं?"

"मी त्याला हात लावला नाही म्हणून. दात न आलेल्या पोरांना कोणी वाटाण्याचं घट्ट सूप पाजतं का? आपलं पाणी बघ. अख्ख्या गावात असं पाणी नाही."

"पाणी चांगलंच आहे. पण त्यात काहीच नाही, बाबा. आपण ती दलदलीतली काळी माती आणायचो ना, तिच्यात खत आणि चुना आधीच कालवलेला असायचा. तुम्ही नुसतं पाणी दिलंत तरी रोपं जेवत होती. ह्या भुशात तसं काही नसतं. उलट पाण्यातलं कॅल्शियम तो स्वतःच धरून ठेवतो. बियांमधली शिदोरी आठवडाभर पुरली. त्यानंतर रोपं उपाशी आहेत."

बास्टियानने मला उचलून बाजूला ठेवले. मलाही लाज वाटली, मित्रांनो. अकरा दिवस मी त्या रोपांपुढे मोठ्या दिमाखाने फिरले होते आणि माझ्या पोटात त्यांच्यासाठी अन्नाचा कणही नव्हता.

दहा वाजता कॉफी झाली. बास्टियानने प्रत्येकापुढे एक बिस्कीट ठेवले आणि डब्याचे झाकण लावले. त्या घरात ते नेहमी असेच चाले.

"तेच केलंस तू रोपांना," नेल म्हणाली. "त्यांना तर पहिलं बिस्कीटही दिलं नाहीस. आधीच डबा बंद."

"बस कर, नेल."

"करते. पण ऊठ आता."

"हेस्टर," तो म्हणाला, "कसं द्यायचं ते पुन्हा सांग. आणि झारी माझ्याकडेच राहू दे."

हेस्टरने सांगितले आणि त्याने ते पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतले. आज प्रत्येक कुंडीतून पिंपातले पाणी चांगले वाहून जाऊ द्यायचे. उद्यापासून रोज थोडे. तळातून थोडेसे निथळले की थांबायचे. पाण्याची आम्लता पाच पूर्णांक आठ. त्या दिवशी आम्ही बारा खेपा केल्या. प्रत्येक वेळी मी भरले, की बास्टियान माझ्यात मापक बुडवी, चष्मा कपाळावर सारी आणि आकडा मोठ्याने वाचून वहीत लिही. काचेपलीकडून नेल मान हलवी.

डागाळलेली पाने सुधारली नाहीत. ती सुधारत नसतात. त्यानंतर पाचव्या दिवशी शेंड्याला नवे पान आले. ते सरळ होते आणि हिरवे होते. बास्टियानने ती कुंडी काचेपाशी नेऊन नेलला दाखवली.

तपासणीच्या आदल्या दिवशी बास्टियान वही उघडून बसला.

"अकरा दिवस मी नुसतं 'पाणी दिले' असं लिहिलंय," तो हेस्टरला म्हणाला. "ती तपासणीची बाई याला पिंपातलंच समजेल."

"समजेल."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर विचारेल, की हे लोक फळा वाचत नाहीत का."

त्याने पेन उचलला. मग अकराव्या दिवसाच्या ओळीखाली लिहिले : आज सकाळपर्यंत फक्त पावसाचे पाणी दिले. पिंपाला हात लावला नाही. चूक माझी, मुलीची नाही. खाली पूर्ण सही केली.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी एकेक कुंडी पाहिली. चौदा रोपे मेली होती, सतरा खुजी राहिली होती. मग त्यांनी वही मागितली आणि त्या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

"सही कोणाची?"

"माझी," बास्टियान म्हणाला.

"कशावरून कळलं?"

"बहिणीला पान दिसलं. पोरीनं मोजलं. मला मात्र दुसऱ्यांनी सांगावं लागलं."

बाईंनी पुढचे आकडे वाचले. त्या दिवसापासून प्रत्येक खेपेचा आकडा होता, एकही गाळलेला नव्हता. "दोनशे नऊ," त्या म्हणाल्या. "पुरेशी आहेत. आणि हे पान वहीतून काढू नका. नव्या लोकांना मी हेच दाखवायला सांगणार आहे." त्यांनी यादी पाहिली, मग मला पाहिले. "हीच का ती झारी?"

"हीच," बास्टियान म्हणाला. त्याचा आवाज मी ओळखला. तळ्याबद्दल बोलताना तो असाच बोले.

कॉफीच्या वेळी त्याने बिस्किटांचा डबा नेलपुढे ठेवला आणि झाकण खिशात घातले. नेलने मूठ उघडायला वेळ घेतला, आणि दोन बिस्किटे उचलली.

मित्रांनो, आता चौथी लावणी चालू आहे आणि पहिले तीन आठवडे अजून माझेच असतात. कोणा कोवळ्या जिवाची देखभाल तुमच्याकडे आली, तर हात हलका असू द्या. पण आपल्या झारीत काय आहे, तेही एकदा पाहा. माझे म्हणाल, तर मागणे थोडे आहे. खताचे पाणी माझ्यात शिळे ठेवू नका, चाळणीची छिद्रे धुवा, आणि काम संपले की मला पालथी घाला. फुले ठेवायला दुसरे काहीतरी शोधा.