तांदळाच्या पिंपातली हार्ड डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि माझ्या अंगाला तांदळाचा वास येतो. कापडे गावची मंजुळाआजी मला 'लोखंडी पाकीट' म्हणते. त्या पाकिटात तिच्या सुनेचा आवाज होता.

सारिकाचा गळा गोड. तिचं हळदीचं गाणं तिच्या नवऱ्याने घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. तेव्हा माझा काय थाट होता! शेजारीपाजारी ऐकायला जमायचे. पुढे सारिका तापाने गेली आणि ते गाणं लावायची कुणाची छाती होईना. कालांतराने कॉम्प्युटर भंगारात निघाला, पण आजीने मला काढून घेतलं. पावसात तिच्या घराच्या भिंतींनाही बुरशी धरते. म्हणून जिवापाड जपायच्या वस्तू ठेवते तिथेच तिने मला ठेवलं, बोरिक पावडर चोळलेल्या तांदळात. तांदूळ टिकला, मी मात्र गुदमरले.

आता नात श्रुतिकाची हळद परवावर आली. आईच्या गाण्यानेच हळद लागली पाहिजे, असा तिचा हट्ट. आजी-नात मला घेऊन महाडला राजेंद्रच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आल्या. त्याने माझ्याच वयाचा कॉम्प्युटर शोधून मला जोडलं. पडद्यावर आलं, डिस्क सापडत नाही. त्याने चपटी वायर बदलली, तिची लाल कड योग्य बाजूला आहे ना ते पाहिलं. तरी तेच. अहो, मी इथेच आहे, असं ओरडावंसं वाटत होतं.

मग त्याने भिंग लावलं. "आजी, पिनांमध्ये हे पांढरं काय बसलंय?"

"बोरिक पावडर. किडं लागू नये म्हणून." आजीचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच घालवली का रे तिला?"

राजेंद्रने ब्रशने पावडर काढली. एक पिन वाकलेली होती, ती सुईने हळूहळू सरळ करू लागला. ती मोडली असती तर सगळंच संपलं असतं. पिन सरळ झाली आणि मी कुरकुरत फिरू लागले.

"काका, एकदा ऐकवा ना," श्रुतिका म्हणाली.

"नाही. आधी कॉपी. हिचा भरवसा नाही."

त्याचं खरं होतं. होतं नव्हतं ते बळ लावून मी गाणं देत राहिले, पण अर्ध्यातच थांबले. पुन्हा फिरले नाही.

जेवढं आलं तेवढं त्याने लावलं. सारिका गात होती, 'पिवळ्या हळदीनं माझी मैना पिवळी झाली...' आणि आवाज तुटला. श्रुतिका हमसून रडू लागली.

तेवढ्यात आजीने फाटक्या आवाजात ओळ उचलली, 'मांडवाच्या दारी तिची मावळण आली.' सून गेल्यापासून ती गायली नव्हती. "रडू नको गो," ती म्हणाली, "हे तिला मीच शिकवलेलं हाय."

श्रुतिकाने डोळे न पुसताच मोबाइल काढला आणि आजीचा आवाज रेकॉर्ड करायला लागली.

आजीने मला पदराने पुसलं. "हिला घरी नेते. पण पिंपात नाय ठेवायची."

मित्रांनो, मी आता मुकी झाले. तुमच्या घरातला आवाज माझ्यासारख्या एकाच डबीत कोंडून ठेवू नका. आणि ज्यांचा गळा अजून शाबूत आहे, त्यांना आजच गायला सांगा.