फलश्रुती नसलेली पोथी

डिंगोऱ्याच्या कुशाबाईंनी सुनेचं छापून आलेलं पुस्तक ओझरला नेलं, विघ्नहराच्या पायाशी ठेवलं, घरी आणून पाटावर मांडलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. आत काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं, कारण अक्षरओळखच नव्हती. पण आरती रोज संध्याकाळी लिहायला बसायची, तेव्हा "तू लिही गं, भाकऱ्या मी थापते," म्हणून चुलीपुढं बसल्या त्या ह्याच. वर गावभर सांगत फिरल्या, "आमची सून ग्रंथ लिहिती." आता ग्रंथ म्हटला की त्यात देव असणार, फार तर एखादा राक्षस. ह्यात त्या माउलीचं काय चुकलं?

आणि आरतीच्या पुस्तकात देवही नव्हता आणि राक्षसही नव्हता. होते ते सगळे चोर! ढगांवर वसलेलं एक अख्खं शहर, तिथं लोकांच्या सावल्या चोरीला जातात, बाटलीत भरून खोटं चांदणं विकलं जातं. त्या सगळ्या भामट्यांची म्होरकी एक बोळकी म्हातारी, चांदूआक्का. राजाचं विमान कुणासाठी थांबत नाही, पण खजिन्यावरून जाताना हिला बरोबर घेरी येते. विमान थांबतं, म्हातारी उतरते आणि कामाला लागते.

आता घेरी कुणाला येते हे डिंगोऱ्यापासून ओतूरपर्यंत शेंबडं पोरही सांगेल. एसटीचा थांबा गावात, कुशाबाईंची वस्ती मात्र बरीच अलीकडं. वस्तीचा आंबा दिसला की बाईंचा हात कपाळाला जायचा, "आगं बया, घेरी आली, उतरवा रं मला!" कंडक्टर घाबरून घंटी मारायचा. बाई उतरायच्या, आणि गाडी हलली की दोन्ही हातांत दोन पिशव्या घेऊन तरातरा बांधावरून घरी.

पुस्तक गावात फिरलं आणि वाचणारे आपापल्या परीनं बोलले. पिठाच्या गिरणीवाला भगवंत म्हणाला, "तो लठ्ठ जकातवाला मीच न्हवं का? मग जरा बारीक तरी करायचा, राव!" निवृत्त गुरुजींनी फोन करून विचारलं, "चोरांना नायक केलंस बाळ, पोरांवर काय संस्कार होणार?" आणि शेवटी हळूच, "पुढचा भाग कधी?" शेजारच्या सोनीबाईचा पोरगा भरत पुण्याच्या गाडीत वाचत बसला आणि उतरायचं विसरून थेट स्वारगेटला गेला. आरती सुखावली होती. पण एक धास्ती होतीच. ज्या सासूनं भाकऱ्या थापल्या, तिलाच आपण भामटी करून चव्हाट्यावर मांडलं, हे तिला कळलं तर?

कळायला वेळ लागला नाही. श्रावण होता. बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, साठवलेला कांदा काढून निवडायचं काम चाललं होतं, सडका बाजूला, चांगला परत आत. कुशाबाई, सोनीबाई आणि डोंगरातल्या तळेघरहून कामाला उतरलेली लंकाबाई घोळका करून बसल्या होत्या. सोनीबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती म्हणाली, "कुशाबाई, सुनेनं तुमाला चोरांची राणी केली म्हनं!"

आरतीच्या हातातला कांदा गळून पडला.

कुशाबाईंनी मान वर केली नाही. "ऐकल्याबिगर मी काय बोलू? आरते, जा, हात धू आन् ग्रंथ घिऊन ये. श्रावण हाय, वाच. आन् बायांनो, अध्याय चालू असताना कुनी उठायचं न्हाई."

आरतीनं देव्हाऱ्यातून पुस्तक उचललं. बराखीकडं येता येता तिनं मनाशी ठरवलं, चांदूआक्काचा चांदूअण्णा करायचा. म्हातारीच्या जागी म्हातारा वाचला की झालं. चोरांवर पुस्तक लिहिणारीला एवढी लबाडी जमू नये?

जमली, चांगली जमली. कांद्याचे ढीग सरकत होते आणि दुपार कशी गेली कळलं नाही. सावल्या चोरीला गेल्या तेव्हा लंकाबाईनं वळून आपली सावली बघून घेतली. खोटं चांदणं विकलं गेलं तेव्हा सोनीबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग विमान खजिन्यावर आलं. "चांदूअण्णानं कपाळाला हात लावला," आरती घाईघाईनं वाचत होती, "आणि पदर सावरत तो खाली कोसळला."

"म्हाताऱ्याला पदर कुठला गं?" लंकाबाईनं विचारलं.

सोनीबाईनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. आरतीनं पुस्तकात डोकं खुपसलं. कुशाबाई मात्र कांद्याची टरफलं झटकत म्हणाल्या, "वाच, वाच. अध्याय अर्धा सोडू ने."

कसाबसा शेवट झाला. राजा फसला, चोर सुटले, ढगांवरच्या शहरात दिवाळी झाली. आरतीनं पुस्तक मिटलं.

"आन् फलश्रुती?" कुशाबाई म्हणाल्या.

"काय, आत्याबाई?"

"पोथी ऐकल्यावर ऐकनाऱ्याला काय मिळतं, ते शेवटाला आसतं ना? ह्यात न्हाई?"

"नाही हो. ही पोथी नाही, गोष्ट आहे. चोरांची." आरतीचा धीर सुटला. "आत्याबाई, चुकलंच माझं. तो म्हातारा नाहीये, म्हातारी आहे. ती घेरी तुमचीच. मी तुमच्यावरून लिहिली आणि भीतीपोटी आज बदलून वाचली."

कुशाबाई इतका वेळ दाबून ठेवलेला आवाज सोडून कडाडल्या, "येडी का खुळी मी? घेरी आली तवाच वळखलं! अगं, चोर केलीस त्याचं काय न्हाई. राजाला फसवती, गरिबाला न्हाई, चांगली बाई हाय ती. पन माझी घेरी तू त्या म्हाताऱ्याच्या नावावर लावलीस? येवढ्या वर्सांची माझी कला! पुस्तकात चोऱ्या ढीगभर असतील, पन खरी चोरी ही झाली, आरते!"

आरती आधी हबकली, मग तिला एकदम रडूच फुटलं, आणि रडता रडता हसू. किती दिवसांची ती धास्ती कांद्याच्या ढिगात कुठं विरघळली, तिलाच कळेना. कुशाबाईंनी तिच्या पाठीवर कांद्याचा वास मारणारा हात ठेवला. "पोथी चुकीची वाचली की पयल्यापासनं वाचावी लागती. उद्या परत बस. आन् म्हातारी म्हन."

"आणि फलश्रुती?"

"ती मी सांगते, तू लिही."

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या आणखी बायका आल्या. ह्या वेळी चांदूआक्का पदर सावरून झोकात कोसळली, आणि कुशाबाईंनी इकडं तिकडं बघून, सगळ्यांनी ऐकलं ना, ह्याची खात्री करून घेतली. संपल्यावर नारळ फुटला. आरतीनं शेवटच्या कोऱ्या पानावर पेनानं लिहिलेली ओळ खणखणीत आवाजात वाचली:

"जो कोणी ही पोथी मन लावून ऐकेल, त्याच्या दारात यष्टी थांबेल."

लंकाबाईनं कांदे खाली ठेवून हात जोडले. डिंगोऱ्याहून तिच्या गावाला थेट गाडी नाही, निम्मी पायपीट. तिनं भीतभीत विचारलं, "तळेघरापतूर?"

"तळेघरापतूर," कुशाबाई म्हणाल्या. "फक्त घेरी टायमावर आली पायजे."