चमकी कोणाच्या पोटात गेली

मी एक म्हातारा जिराफ आहे. माझी मान लांब, आवार मात्र आखूड. जन्मलो तो जाळीच्या आतच. लोक माझी उंची बघून वाहवा करत आणि पुढे जात. मला पुढे जायला जागा नव्हती.

मग माझ्या आवारात एक मादी जिराफ आणली. ती माझ्याहून लहान, पण हट्टी. पाला वर टांगलेला असे, तरी पुढचे पाय फाकून ती जाळीकडेचे कोवळे गवत खाई. मित्रांनो, मोकळ्या रानात आम्ही चरत पुढे जातो, लेंड्या मागे राहतात. इथे गवत आमच्याच लेंड्यांत उगवे आणि त्यातून जंत तिच्या पोटात जात.

डॉक्टरीणबाई आमच्या लेंड्या तपासत. कोणत्या कोणाच्या, हे कळावे म्हणून राखणदार काका माझ्या टोपलीतल्या भरडलेल्या दाण्यात निळी चमकी मिसळत. चमकी दिसली की लेंडी माझी. पण दुसऱ्याच्या ताटातले गोड लागते. काकांची पाठ फिरली की ती माझ्या टोपलीत तोंड घाली, आणि मी तिच्या.

चमकीच्या लेंड्यांत जंतांची अंडी खच्चून निघाली. काकांनी मला फळ्यांच्या अरुंद खोड्यात अडकवले. वळताही येईना.

"राजे, तोंड वाकडं करू नका," काका म्हणाले. "औषध आहे, लाच नाही."

खोड्यावरून मला ती दिसे. तिची चाल मंदावली, जबड्याखाली सूज आली. मी फळ्यांना लाथा मारल्या, तर काकांना वाटले, औषधाने अंगात जोर आला. खोड्यात माझी टोपली मी एकटाच खाई, त्यामुळे पुढे चमकीच्या लेंड्या खरोखर माझ्याच होत्या आणि स्वच्छ निघाल्या. औषध लागू पडले म्हणून सगळे खूश झाले.

मला सोडले त्या दिवशी काका झाडायला जाळीपाशीच थांबले होते. ती धडपडत आली ती थेट माझ्या टोपलीकडे. काकांचा झाडू थांबला. त्यांनी बाईंना बोलावले. बाईंनी तिची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक.

"बाई," काका हळू म्हणाले, "मग आपण औषध दिलं कोणाला?"

तिला लगेच औषध दिले. जंत मेले, पण रक्त त्यांनी आधीच पिऊन टाकले होते. ती भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही.

आता कोणताही प्राणी खाऊन होईपर्यंत काका हलत नाहीत. लेंडी उचलायची तर ती कोणाची हे डोळ्यांनी दिसावे म्हणून शेपूट वर होईपर्यंत तिथेच उभे राहतात.

मित्रांनो, ज्यांना तुम्ही कोंडून ठेवता, त्यांच्याकडे एकेकाकडे नीट बघा. दुखले तरी आम्हाला दार उघडून तुमच्याकडे येता येत नाही.