मालकांनी उभं राहायचं

मी दात करते. खोटे दात, म्हणजे कवळ्या. हे सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, माझे स्वतःचे खरे आहेत का ते पाहायला. खरे आहेत, आणि वाकडेही आहेत.

आमच्या कामात पेशंटचं तोंड दिसत नाही. डॉक्टरकडून जबड्यांचे ठसे येतात, त्यांवरून प्लास्टरचे साचे होतात. वरचा आणि खालचा साचा एका लोखंडी चौकटीत समोरासमोर बसवतात, त्याला आम्ही जोड म्हणतो. मग माझ्यासारखी कोणीतरी मेणावर एकेक दात मांडते. जोड जरासा जरी सरकला, तरी नंतर मी दात कितीही देखणे मांडले तरी त्या माणसाला घास चावता येत नाही. मालकांच्या लॅबमध्ये मी लग्नाआधीपासून होते, आणि तिथे जोड फक्त मालक करायचे. त्या चौकटीला दुसऱ्या कोणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे.

तर हे मालक एका रविवारी सकाळी न सांगता आमच्या दारात. मी कपडे वाळत घालत होते, खांद्यावर नवऱ्याचा ओला शर्ट, केसांचं पार घरटं झालेलं. ते किती थकले होते! जिना चढून आलेला दम लपवायला दाराच्या चौकटीचं निरीक्षण केल्यासारखं करत उभे होते.

"आत येऊ का, का इथूनच बोलू?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी आतून आवाज दिला, "या, या, बसा." माझ्या सासूबाईंची कवळी मीच केली आहे. पाहुणे आले की त्या ती घालतात आणि माझ्यावर रागावल्या की काढून ठेवतात. तेव्हा घातलेली होती.

मालक बसले. गुडघे चोळत म्हणाले, "हात चालत नाही गं आता पूर्वीसारखा. माणसं आहेत, पण दात मांडणारं कोणी राहिलं नाही. कामं परत येतायत. तू ये. नुसती कामाला नको येऊस, सगळी लॅबच सांभाळ. पगार तूच ठरव."

खरं सांगते, याच वाक्याची मी वाट बघत होते. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडून निघाल्यावर मी एका मोठ्या कंपनीत लागले. तिथे मशीन दात कोरतं. मी पडद्याकडे बघते आणि बटण दाबते. तिथे कोणी आवाज चढवत नाही, हवा गार असते, खुर्ची गोल फिरते. आणि सकाळी तिथे जायला निघाले की मला रडू येतं. मेणाचा वास, बोटांखाली मऊ होणारं मेण, एखादा दात किंचित फिरवला की अख्खी कवळी माणसात येते, ते सगळं मला हवं होतं. म्हणून मालक दारात दिसताच मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. आलेच कसे हे, जणू काही घडलंच नाही!

घडलं ते असं. लॅबमध्ये दुपारच्या चहाला एक पद्धत होती, मालकांच्या वडिलांपासूनची. परत आलेलं काम मालक सगळ्यांसमोर सांगत. ज्याची चूक असेल त्याने उठून उभं राहायचं, इतरांचा चहा संपेपर्यंत. त्याला चहा नाही. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं नाही, आपापल्या ग्लासात बघायचं. मीही उभी राहिलेय, माझ्या चुका माझ्या होत्या. पण एकदा एक पूर्ण कवळी परत आली. पेशंटचं तोंडच मिटत नव्हतं. मी साचा पाहिला आणि मला कळलं, जोड सरकलाय. मला कळलं तसं खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मालकांनी कवळी टेबलावर ठेवली, माझ्याकडे बघून म्हणाले, "दात तुझे होते ना? ऊठ."

मी म्हणाले, "जोड माझा नव्हता."

"ऊठ म्हटलं ना."

मी उठले, पण पिशवी घेऊन. दारापर्यंत जाताना एकाने तरी तोंड उघडावं म्हणून मुद्दाम सावकाश चालले. सगळ्यांनी मूग गिळले होते. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, ती माणसं ग्लासात बघत बसली होती.

आणि आता हे माझ्या खुर्चीत बसून लॅब सांभाळ म्हणत होते.

"येते," मी म्हणाले. "पण आधी तुम्ही चहाच्या वेळी सगळ्यांसमोर उभं राहायचं. त्या केससाठी."

सासूबाईंच्या हातातली कपबशी वाजली. मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी तुला हातात मेण धरायला शिकवलं."

"म्हणून तर एवढं तरी मागतेय. दुसऱ्या कोणाकडे मागितलंच नसतं."

ते चहा न पिता उठले. जिना उतरताना त्यांचा कठडा धरल्याचा आवाज येत होता. मला त्यांची दया आली. पण म्हणून मी त्यांना हाक मारली नाही.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने विषय काढलाच. तो बोलायच्या आधी पाणी पितो, त्यावरून मला कळतं.

"अगं, म्हातारा माणूस घरी आला. अजून काय करायला हवं होतं त्याने?"

"उभं राहायला हवं होतं."

"तू रोज सकाळी तोंड पाडून जातेस ते मी बघतो ना. हवं ते काम समोरून चालत आलं आणि तू हट्ट धरून बसलीस."

"हट्ट तर हट्ट. मी परत गेले आणि काहीच झालं नाही असं वागले, तर त्या खोलीत चूक माझीच राहणार. कायमची."

नवऱ्याने माझ्या ताटाकडे बघितलं. मी काहीच खाल्लं नव्हतं. तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "आणि खरंच उभा राहिला, तर जाशील?"

मी ताटातला भात कालवत राहिले. बाईंनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. ते कधीही उभे राहणार नाहीत, याची मला खात्री होती. म्हणूनच मी ती अट घातली होती. म्हणजे ठरवायचं कामच उरलं नाही, नकार त्यांचा आणि मान माझा.

"उत्तर शोधून ठेव," सासूबाई म्हणाल्या. "तो माणूस मला बरा हट्टी वाटला. तुझ्यासारखाच."

त्या आठवड्यात मी उत्तर शोधलं. बटणं दाबता दाबता शोधलं. शेवटी मनाशी पक्कं केलं की ते उभे राहिले तर जायचं, नाही राहिले तर कंपनीतसुद्धा थांबायचं नाही, कुठेतरी एक टेबल आणि मेण मऊ करायचा दिवा मिळवायचा आणि स्वतः सुरुवात करायची. हे ठरलं आणि माझं रडू थांबलं.

मग लॅबमधून पॉलिशवालीचा फोन आला. ती आणि मी शेजारी बसायचो. म्हणाली, "मालक म्हणतायत, उद्या चहाला ये." तिचा आवाज असा की जणू मला परीक्षेलाच बोलावलंय.

मी अर्धी रजा टाकली आणि गेले.

लॅबमध्ये शिरताच प्लास्टरची भुकटी नाकात गेली आणि मला शिंक आली. सगळ्यांनी वर पाहिलं. तीच लांब खोली, खिडकीखाली घासायच्या मशिनी, भिंतीला फळीवर ओळीने ठेवलेले साचे. पॉलिशवाली हसली आणि लगेच हसू आवरलं. प्लास्टरवाल्याने नुसती मान हलवली. तो मोठा धिप्पाड माणूस, साच्यांचं सगळं प्लास्टर तोच कालवतो. माझ्याआधीपासून तिथे आहे, आणि दिवसभरात चार शब्द बोलला तर त्या दिवशी पॉलिशवाली त्याला ताप आलाय का विचारते.

चहा आला. मालक टेबलाच्या टोकाशी बसले. त्यांनी एक कवळी पुढे ठेवली. "ही परत आली. वरचा साचा बसलेला नाही. प्लास्टर फुगलंय." प्लास्टरवाला खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. सगळे ग्लासात बघायला लागले. इतकी सवय की माझीही मान खाली गेली, आणि मला माझाच राग आला.

मालकांनी घसा साफ केला. मग दोन्ही हात टेबलावर टेकवून उठले. त्यांना उठायला वेळ लागला. कोणी मदतीला हात पुढे केला नाही, कारण कोणाला कळतच नव्हतं की हे काय चाललंय.

"ती जुनी केस," ते म्हणाले. "तोंड मिटत नव्हतं ती. जोड माझा होता. मला तेव्हाच माहीत होतं. मी हिला उभं राहायला सांगितलं. चूक माझी."

झालं. इतक्या वर्षांनी हवं ते वाक्य मिळालं, एकही शब्द कमी न करता. मला वाटलं होतं, आता छातीवरचा दगड उतरेल. उतरला थोडासा. पण मी टेबलाभोवती पाहिलं तर एकाच्याही चेहऱ्यावर समाधान नव्हतं. सगळे घाबरले होते. जिथे मालकांची सुटका नाही तिथे आपली काय कथा, असं प्रत्येकाच्या तोंडावर होतं. पॉलिशवालीने ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आणि मालकांच्या शेजारी तो धिप्पाड प्लास्टरवाला खांदे पाडून उभा होता, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखा. त्या दिवशी ही माणसं गप्प का बसली ते मला तिथे उमगलं. ती वाईट नव्हती. प्रत्येकजण एवढंच बघत होता की आज आपण बसलेले आहोत. आणि मालकांनी तरी दुसरं काय केलं होतं? त्यांनाही उभं राहायचं नव्हतं, म्हणून मला उठवलं. मी त्यांना उभं करून ती पद्धत आणखी पक्की केली होती. शाबास माझी!

"आता येतेस ना?" मालकांनी विचारलं. ते अजून उभेच होते.

"येते," मी म्हणाले. "पण मी आले की इथे कोणी उभं राहणार नाही. तुम्हीसुद्धा नाही."

मालकांनी डोळे विस्फारले. "अगं, आत्ताच तर मला उभं केलंस!"

"केलं. ते शेवटचं."

"तुझ्या अटी संपायच्या आहेत का नाहीत? आणि मग शिस्त कशी राहायची? कामं परत आली तर काय आरती ओवाळू त्यांची?"

"काम टेबलावर मधोमध ठेवायचं आणि सगळ्यांनी बसून बघायचं, कुठे चुकलं. चहा पीत."

"जमणार नाही. माझ्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत आहे. लॅब अजून माझी आहे."

"मग तुमची तुम्हाला लखलाभ," मी म्हणाले आणि पिशवी उचलली. मला वाईट वाटत होतं, पण पाय डगमगले नाहीत. या खेपेला मुद्दाम सावकाश चालायचंही कारण नव्हतं.

मागे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. प्लास्टरवाला खाली बसला होता. कोणाचाही चहा संपलेला नव्हता. त्याने पॉलिशवालीपुढची किटली ओढली, स्वतःचा ग्लास भरला आणि एक घोट घेतला. घाईत थोडा चहा टेबलावर सांडला. पॉलिशवालीने खिशातलं फडकं काढून मालकांच्या डोळ्यांदेखत तो पुसला. आता कोणी ग्लासात बघत नव्हतं. सगळे मालकांकडे बघत होते.

मालक एकटेच उभे. त्यांनी एकेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे मी एकट्यानेच उभं राहायचं की काय?" ते चिडून म्हणाले, आणि दाणकन बसले.

कोणीतरी फिसकन हसलं. मी परत फिरले आणि टेबलाशी जाऊन परत आलेली कवळी उचलली. सोबतचे साचे चौकटीतच होते. मी कवळी त्यांवर बसवून चौकट मिटवली आणि उजेडाकडे धरली. मागच्या दाढांमधून उजेड येत होता, एकाच बाजूने. प्लास्टर फुगलं की असं होत नाही, जोड सरकला की होतं. मी प्लास्टरवाल्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. उभा राहिला तेव्हाही माहीत होतं.

"याचा जोड कोणी केला?" मी विचारलं.

  मला उत्तर माहीत होतं, पण मी सांगणार नव्हते. मी चौकट टेबलाच्या मधोमध ठेवली आणि वाट बघत राहिले.

"मी," मालक म्हणाले. आपला उजवा हात त्यांनी टेबलाखालून वर घेतला आणि सगळ्यांसमोर साच्यांशेजारी ठेवला. तो थांबतच नव्हता, बोटं लाकडावर टकटकत होती. "वर्ष झालं असेल. धरवत नाही मला आता. कोणाला सांगणार होतो?"

मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.